'शुगर बंद करा' म्हणजे नक्की काय बंद करा?



दसरा झाला की आमच्या धारूर तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर सामानाची बांधाबांध सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पातेली, पोती, कोयते, लहान लेकरं असं सगळं ट्रॅक्टर-ट्रकमध्ये भरून माणसं ऊसतोडीला निघतात, ती मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावरच परत येतात. जायच्या आधीच्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात गर्दी असते. "चार-पाच महिन्यांच्या गोळ्या एकदाच लिहून द्या" ही नेहमीची मागणी.

काही वर्षांपूर्वी अशाच गर्दीत एक जोडपं आलं होतं. नवऱ्याचं वय अठ्ठेचाळीसच्या आसपास. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागतं, अंगातली ताकद गेली, ही तक्रार. तपासणी केली. उपाशीपोटीची शुगर २१०. दुसऱ्या दिवशी परत तपासली, तेवढीच. मी गोळ्या लिहिल्या आणि मागे रांग असल्यामुळे घाईघाईत सांगितलं, "दादा, तुम्हाला शुगर आहे. शुगर बंद करा. शुगर वाढू द्यायची नाही. गोळी रोज सकाळी जेवणाआधी."

तीन वाक्यांत मी 'शुगर' हा शब्द तीनदा वापरला, आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा होता. तेव्हा हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

ते एप्रिलमध्ये परत आले तेव्हा त्यांच्या डाव्या हातावर कोयत्याच्या जखमेचा मोठा वण होता. मी विचारलं, तेव्हा त्यांच्या बायकोने सगळी हकिगत सांगितली. डिसेंबरातली पहाट. चार वाजता उठून तोड सुरू झाली. गोळी 'सकाळी जेवणाआधी' म्हणून यांनी चारलाच घेतली. भाकरी मिळणार होती दहा वाजता. आठच्या सुमारास दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, काहीबाही बोलायला लागले आणि हातातल्या कोयत्यासकट खाली पडले. कुणीतरी उसाचा रस पाजा म्हणालं, कुणी गोड चहा आणला. तेव्हा बायकोनेच सगळ्यांना अडवलं. त्यांना शुगर आहे, डॉक्टरांनी शुगर बंद सांगितली आहे, रस पाजला तर शुगर वाढून माणूस जाईल!

ट्रॅक्टरवर घालून जवळच्या गावात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बोटाला टोचून तपासलं. शुगर ३८. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पाच-दहा मिनिटांत माणूस उठून बसला.

"तुमीच तर म्हनला व्हता ना सायेब, शुगर बंद करा म्हनून," त्या मला म्हणाल्या. रागाने नाही, खरोखर विचारत होत्या. "मग मी कशी पाजू देऊ?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चारी बाजूंनी ऊस उभा होता आणि साखरेअभावी माणूस मरणाच्या दारात गेला होता. त्या बाईंची काहीच चूक नव्हती. माझं वाक्य त्यांनी तंतोतंत पाळलं होतं. हात बरा होईपर्यंत दोघांचंही काम बुडालं, कारण ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मात्र अंगावर तशीच राहिली.

त्या दिवसापासून मी या एका शब्दाच्या मागे लागलो. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो. तुमच्या घरात कुणाला 'शुगर' असेल तर शेवटपर्यंत वाचा.

शब्द इंग्रजी, मूळ आपलं

'शुगर' हा इंग्रजी शब्द मुळात आपल्याकडून गेलेला आहे. संस्कृतात 'शर्करा' म्हणजे खडे, रेव, बारीक खडी. उसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडायची कला भारतात साधली, तेव्हा ते दाणे रेवेसारखे दिसले म्हणून त्यांनाही शर्करा म्हणायला लागले. प्राकृतात त्याचं 'सक्करा' झालं आणि त्यातून आपली मराठी 'साखर' आली.

हाच शब्द व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला निघाला. फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर', तिथून लॅटिन आणि फ्रेंचमधून फिरत शेवटी इंग्रजीत 'शुगर'. माझे अनेक मुस्लीम पेशंट या आजाराला 'शक्कर की बीमारी' म्हणतात. म्हणजे धारूरमध्ये एकाच बाकड्यावर बसलेला एकजण 'साखर' म्हणतो, दुसरा 'शक्कर', तिसरा 'शुगर', आणि तिघांचा शब्द मुळात एकच.

मोठ्या खड्यांच्या साखरेला संस्कृतात 'खंड' हे नाव होतं. ते फारसी-अरबीतून 'कंद' होत होत इंग्रजीत 'कँडी' झालं. आणि गुळाला इंग्रजीत 'जॅगरी' म्हणतात, तो शब्दही शर्करेचाच. दक्षिणेकडच्या भाषांतली 'शर्करा', 'चक्करा' ही रूपं पोर्तुगीजांनी उचलली आणि त्यांच्याकडून तो इंग्रजांकडे गेला.

हे एवढ्यासाठी सांगतो की रोज किमान चार पेशंट मला विचारतात, "साखर सोडली डॉक्टर, गुळाचा चहा चालेल ना?" गूळ आणि साखर शब्दांनी सख्खी भावंडं आहेत आणि पोटात गेल्यावरही तसंच वागतात. गुळातला मुख्य भाग साखरेचाच, म्हणजे सुक्रोजचा असतो. थोडे क्षार जास्त असतात, पण रक्तातली शुगर वाढवण्यात गूळ मागे राहत नाही. मधाचंही तेच. आणि आपल्या बालाघाटातल्या सीताफळाचंही! "वरून साखर घातलेली नाही, झाडाचं फळ आहे" म्हणून एका बैठकीत पाच-सहा सीताफळं खाल्ली, तर रक्त झाडाचं आणि कारखान्याचं असा फरक करत नाही.

शर्करेचा जुना अर्थ आयुर्वेदात अजून एका जागी टिकून आहे. मुतखड्याच्या बारीक कणांनाही सुश्रुतसंहितेत 'शर्करा' म्हटलं आहे. म्हणून जुन्या वळणाच्या वैद्यांकडून 'मूत्रात शर्करा' असं ऐकलं तर गोंधळू नका. ते खड्याबद्दल बोलत असतील, मधुमेहाबद्दल नाही.

मग आजाराचं नाव शुगर कसं पडलं?

मधुमेह्याची लघवी गोड असते हे जगाला फार पूर्वीपासून माहीत आहे. 'मधुमेह' या नावातच मध आहे. लघवी केलेल्या जागी मुंग्या लागतात म्हणून दवाखान्यात येणारे म्हातारे मी स्वतः पाहिले आहेत. पण हा गोडवा नेमका कशाचा, हे बराच काळ कळलेलं नव्हतं.

१७७६ मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे डॉक्टर मॅथ्यू डॉबसन यांनी एका मधुमेही रुग्णाची लघवी आटवली. तळाशी पांढरट भुगा राहिला. त्याचा वास आणि चव साखरेसारखी होती. हो, त्या काळी डॉक्टर चव घेऊन बघत! त्याच रुग्णाच्या रक्तातलं पाणीही त्यांना गोड लागलं. म्हणजे साखर लघवीत तयार होत नाही, ती रक्तातून तिथे येते, हे लक्षात आलं. पुढे १८१५ मध्ये शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की ही उसाची साखर नाही, द्राक्षात असते ती साखर आहे. तिलाच नंतर 'ग्लुकोज' हे नाव मिळालं.

खरं तर तेव्हापासून आपण 'ब्लड ग्लुकोज' म्हणायला हवं होतं. पण 'शुगर' हा शब्द तोंडात बसला तो बसलाच. अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात शिकताना आम्ही निळ्या बेनेडिक्ट द्रावणात लघवीचे थेंब टाकून परीक्षानळी तापवायचो. रंग हिरवा, पिवळा, नाही तर विटकरी झाला की वहीत लिहायचो, 'शुगर पॉझिटिव्ह'. तीच सवय घेऊन आम्ही सगळे दवाखान्यात बसलो.

आपणच असं करतो असंही नाही. जर्मनीत या आजाराला 'साखरेचा आजार' अशा अर्थाचा शब्द आहे, पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीतही तसाच आहे. गोंधळ जगभर आहे.

एका शब्दाचे पाच अर्थ

माझ्या दवाखान्यात 'शुगर' हा शब्द किती अर्थांनी येतो ते मी एकदा मोजलं. निदान पाच निघाले.

पहिला, डब्यातली साखर. चहात टाकतो ती.

दुसरा, रक्तातलं ग्लुकोज. लॅबच्या कागदावर 'बीएसएल फास्टिंग', 'बीएसएल पीपी' म्हणून आकडा येतो तो याचा.

तिसरा, लघवीतली शुगर. लघवीच्या रिपोर्टवर 'शुगर निल' दिसलं की लोक निश्चिंत होतात. पण रक्तातली पातळी साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती सहसा लघवीत उतरत नाही. त्यामुळे लघवीत निल असूनही मधुमेह असू शकतो.

चौथा, आजार. "मला शुगर आहे." हे वाक्य तसं पाहिलं तर प्रत्येक जिवंत माणसाला लागू पडतं, कारण रक्तात ग्लुकोज नसेल तर माणूस जगणारच नाही.

पाचवा, औषध. "शुगरची गोळी संपली." यातून काय होऊ शकतं त्याचा एक किस्सा सांगतो. एका मावशींचा मुलगा पुण्याहून त्यांच्यासाठी चहात टाकायच्या शुगर-फ्री गोळ्यांची डबी घेऊन आला. 'आई, या शुगरच्या गोळ्या' म्हणाला. मावशींनी माझ्या गोळ्या बाजूला ठेवल्या आणि दोन महिने सकाळ-संध्याकाळ त्या गोड गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा शुगर ३६० होती. दोष कुणाला द्यायचा?

"मी साखर खातच नाही, मग शुगर कशी?"

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि पहिल्या-दुसऱ्या अर्थाच्या गोंधळातूनच येणारा.

रक्तातली शुगर फक्त साखरेतून येत नाही. ज्वारीची भाकरी, भात, चपाती, साबुदाणा, बटाटा या सगळ्यांतल्या पिष्टाचं पोटात ग्लुकोजच होतं. शिवाय आपलं लिव्हर स्वतः ग्लुकोज बनवतं, अगदी रात्री उपाशी झोपलेले असतानासुद्धा. हे ग्लुकोज पेशींच्या आत नेण्याचं काम इन्शुलिन करतं. इन्शुलिन कमी पडलं किंवा शरीर त्याला दाद देईनासं झालं, की ग्लुकोज रक्तातच साचून राहतं. बिघाड इथे आहे. म्हणून साखर सोडली तरी शुगर वाढलेली राहू शकते. साखर खाल्ल्याने लगेच मधुमेह होतो असंही नाही, पण जास्त गोड खाण्याने वजन वाढतं आणि वाढलेलं वजन या आजाराला घेऊन येतं.

आता एक हिशोब करा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. निरोगी माणसाची उपाशीपोटीची शुगर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असते. १०० धरली तरी सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरतं ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा! शुगर २०० झाली म्हणजे दोन चमचे. आणि माझ्या त्या ऊसतोड पेशंटची ३८ होती, म्हणजे अर्धा चमचासुद्धा नाही. आपला मेंदू मुख्यतः याच ग्लुकोजवर चालतो. म्हणून ते कमी पडलं की माणूस बरळतो, चिडतो, बेशुद्ध पडतो. लोकांना वाटतं दारू प्यायला आहे, नाही तर बाहेरचं काही लागलं.

निदानाचे आकडेही लिहून ठेवा. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेल्या तपासणीत दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी ६.५ टक्के किंवा जास्त, तर मधुमेह. त्रास नसेल तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, पुन्हा तपासून खात्री करतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हा शब्द आता घरोघरी आहे.

'शुगर कमी झाली', ही बातमी चांगली की वाईट?

पेशंट हसत येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, शुगर कमी झाली!" २५० ची १३० झाली असेल तर चांगली बातमी. पण हेच वाक्य ७० च्या खालच्या आकड्याला लागू असेल तर तो धोका आहे. वाढलेली शुगर शरीराचं नुकसान बहुधा महिन्या-वर्षांनी करते. खूप उतरलेली शुगर काही मिनिटांत करते.

उतरण्याची लक्षणं अशी: एकदम दरदरून घाम, हातांची थरथर, छातीत धडधड, कडाडून भूक, डोळ्यांसमोर अंधारी, असंबद्ध बोलणं. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्या माणसाला असं झालं तर:

१. काम लगेच थांबवा. हातात कोयता, विळा असेल तर काढून घ्या. गाडी चालवत असाल तर बाजूला घ्या.

२. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. उसाचा रस हाताशी असेल तर अर्धा ग्लास. होय, मधुमेह असला तरी! या वेळी साखर हेच औषध आहे. शुगर-फ्री गोळीचा इथे काही उपयोग नाही.

३. १५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर तेवढंच परत द्या. बरं वाटल्यावर भाकरी-भाजी किंवा दूध-पोळी खायला द्या, नाही तर शुगर पुन्हा उतरू शकते.

४. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा.

५. बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा. काही गोळ्यांचा असर दिवसभर राहतो.

एक बारीक गोष्ट. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साखर पोटात लवकर फुटत नाही, म्हणून जवळ ग्लुकोज पावडर ठेवा. आपल्या गोळीत काय आहे आणि तिने शुगर उतरू शकते का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड आणि इन्शुलिन यांनी उतरू शकते. ही औषधं घेऊन उपाशी राहायचं नाही, मग उपवास असो, रोजा असो की तोड असो. उपवास करायचाच असेल तर आधी येऊन डोस बदलून घ्या.

मी काय बदललं

'शुगर' हा शब्द मी सोडू शकलो नाही. 'रक्तशर्करा' म्हणालो तर समोरचा माझ्याकडे नुसता बघत राहतो. पण आता मी शब्द जोडून बोलतो: 'डब्यातली साखर', 'रक्तातली शुगर', 'शुगरचा आजार'. 'शुगर बंद करा' हे वाक्य माझ्या तोंडून कायमचं गेलं. 'सकाळी गोळी घ्या' असंही सांगत नाही. "पहिली भाकरी किती वाजता खाता?" असं विचारतो आणि "ताट समोर आल्यावर गोळी घ्या, ताट नाही तर गोळी नाही" असं सांगतो. इन्शुलिनवाल्यांना मात्र डोसाबद्दल वेगळं समजावतो, कारण ते आपल्या मनाने बंद करणंही जिवावर बेतू शकतं.

तोडीला जाणाऱ्या प्रत्येक मधुमेही पेशंटच्या चिठ्ठीवर मी मोठ्या अक्षरांत लिहितो: 'घाम, थरथर, बरळणं – लगेच साखर-पाणी पाजा.' आणि ते पेशंटला नाही, त्याच्या जोडीदाराकडून मोठ्याने म्हणवून घेतो. कारण वेळ येते तेव्हा पेशंटला काही सुचत नसतं. निर्णय जोडीदाराला घ्यायचा असतो.

ते जोडपं पुढच्या दसऱ्याला पुन्हा आलं. गोळ्या लिहून झाल्यावर मी चिठ्ठी पुढे केली तर ताईंनी कमरेची पिशवी उघडून दाखवली. आत साखरेची पुडी होती, प्लास्टिकमध्ये बांधलेली. "औंदा मी देनार, कुनी काय बी म्हनू द्या," म्हणाल्या.

तुमच्या घरात कुणाला शुगरचा आजार असेल तर आज रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: "यांना अचानक घाम येऊन थरथर सुटली तर तुम्ही काय द्याल?" उत्तर 'साखर' असं आलं नाही, तर हा लेख त्यांना वाचून दाखवा.